आपल्या सुट्टीत कोणाला सुट्टी नसते?

दिवाळीची सुट्टी लागण्याचा दिवस निवासी शाळेत वेगळाच असतो. सकाळपासून पत्र्याच्या पेट्या आणि कपड्यांच्या पिशव्या व्हरांड्यात येऊन पडतात. कोणाचे वडील चाकणच्या कारखान्यातील रात्रपाळी संपवून थेट आलेले असतात, तर कोणाची आई धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन भोसरीहून बसने येते. दुपारपर्यंत सारा गलबला ओसरतो. परंतु वसतिगृह पूर्ण रिकामे कधीच होत नाही. ज्यांचे आईवडील ऊसतोडीसाठी दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडून साखर कारखान्यांच्या परिसरात गेलेले असतात, ती मुले मागे राहतात. कोणाच्या घरी आजारपण असते, तर कोणाला घर म्हणावे असे कोणी उरलेलेच नसते. इतरांची सुट्टी ज्या क्षणी सुरू होते, त्याच क्षणी या मुलांचा कठीण काळ सुरू होतो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी, मागे राहिलेल्यांपैकी सातवीतील एका मुलाने आम्हांस विचारले, "सर, आता शाळेला सुट्टी लागली. मग स्वयंपाकघरातल्या मावशींना सुट्टी कधी?" प्रश्न साधा होता, पण आमच्यापाशी उत्तर नव्हते. मावशींची आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी असते, हेसुद्धा आमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक नव्हते. रोज त्यांच्या हातची भाकरी खाऊन आम्ही मैत्री आणि करुणा या विषयांवर पाठ देत होतो.

त्या प्रश्नाने आमच्या सुट्टीतील शिक्षणाला दिशा दिली. सहावी ते आठवीच्या मुलांना करुणा आणि सहानुभाव शिकवता येतो काय, आणि येत असेल तर तो सुट्टीतच अधिक चांगला का शिकवता येतो, याविषयीचा आमचा अनुभव या स्मरणिकेच्या निमित्ताने पालक, माजी विद्यार्थी आणि हितचिंतक यांच्यापुढे ठेवीत आहोत.

सुट्टी आली कोठून?

आम्ही प्रथम मुलांना विचारले, "रविवारची सुट्टी कोणी दिली?" कोणी म्हणाले सरकारने, कोणी म्हणाले इंग्रजांनी. मग आम्ही त्यांना नारायण मेघाजी लोखंडे यांची हकीकत सांगितली. महात्मा फुले यांचे हे सत्यशोधक सहकारी. त्यांचे मूळ घराणे आपल्याच पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची निश्चित सुट्टी नव्हती. लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, 'दीनबंधू'तून त्यांची दुःखे मांडली, सभा घेतल्या, निवेदने दिली. 24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि स्त्री-कामगारांनीही तेथे भाषणे केली. पुढे 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, 1945 मध्ये, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही चालणाऱ्या कारखान्यांतील कामगारांना भरपगारी वार्षिक रजेचा हक्क मिळाला. आणि या सर्वांच्या फार पूर्वी, राजगृहाजवळ तथागतांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला उपदेश केला, त्यातही हा विषय आलेला आहे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात मालकाने सेवकांप्रति पाळावयाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. शक्ती पाहून काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी.

मुलांच्या ध्यानात एक गोष्ट आली. सुट्टी आभाळातून पडलेली नाही. दुसऱ्याचा थकवा कोणाच्या तरी लक्षात आला, तो थकवा त्याने स्वतःचा मानला आणि अखेर त्याचा नियम झाला. सुट्टी ही करुणेचीच निर्मिती असेल, तर करुणेचे शिक्षण सुट्टीतच सुरू व्हावे, हे योग्यच होय. त्याचा पहिला प्रश्नही ठरून गेला: आपल्या सुट्टीत कोणाला सुट्टी नसते?

तथागतांचे तीन प्रश्न

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. निवासी शाळेत राहणाऱ्या प्रत्येकाने तो वारंवार आठवावा, असे आम्हांस वाटते. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता. विहाराची पाहणी करीत भगवान बुद्ध आनंदासह तेथे आले. त्यांनी प्रथम उपदेश केला नाही, प्रश्न विचारले. तुला काय होते आहे? तुझी शुश्रूषा करणारे कोणी आहे काय? भिक्खू तुझी काळजी का घेत नाहीत? आजारी भिक्खू म्हणाला, की मी त्यांच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत. मग तथागतांनी आनंदाकरवी पाणी आणविले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले, आणि दोघांनी मिळून त्याला उचलून मंचकावर निजविले. त्यानंतर भिक्खुसंघ बोलावून त्यांनी समजावले, की येथे तुमची आई नाही, वडील नाहीत. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही, तर कोण करील? आजाऱ्याची काळजी कोणी घ्यावी याचा नियमही त्यांनी तेथेच घालून दिला.

या प्रसंगात करुणेचे तीन टप्पे स्पष्ट दिसतात. आधी विचारणे, मग स्वतःच्या हातांनी करणे, आणि शेवटी पुन्हा तीच वेळ येऊ नये म्हणून व्यवस्था करणे. बहुतेक ठिकाणी दुसऱ्या टप्प्यापासून सुरुवात होते आणि तेथेच सारे संपते. विचारणे राहून जाते आणि व्यवस्थाही राहून जाते.

दया आणि करुणा

पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोष यांच्या विसुद्धिमग्गात मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार ब्रह्मविहारांचे सविस्तर विवेचन आहे. गोव्यात जन्मलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविलेले आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी या ग्रंथाची संशोधित आवृत्ती सिद्ध केली, हे मराठी वाचकांनी अभिमानाने स्मरावे. या ग्रंथात प्रत्येक गुणाचा एक दूरचा आणि एक जवळचा शत्रू सांगितला आहे. करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य. तो सहज ओळखू येतो. जवळचा शत्रू मात्र शोक आहे. तो करुणेसारखाच दिसत असल्याने फसवतो. दुसऱ्याचे दुःख पाहून आपणच कोसळलो, रडलो, आणि रडून मोकळे झालो, तर दुःखी माणूस होता तेथेच राहतो. उपेक्षेचाही जवळचा शत्रू आहे. समत्वाच्या नावाखाली येणारी बेपर्वाई, तीच ती.

आम्ही मुलांना हा भेद सोप्या उदाहरणाने समजावून देतो. मित्र विहिरीत पडला तर तू शेजारी उडी मारून त्याच्याबरोबर बुडू नकोस, आणि काठावर उभा राहून हळहळतही बसू नकोस. दोर आण. दयेत देणारा वर असतो आणि घेणारा खाली. करुणेत दोघे एकाच पातळीवर असतात. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात याहीपुढे जाऊन मैत्रीचा अर्थ विशद केला आहे. करुणा मनुष्यमात्रापुरती, तर मैत्री सर्व प्राणिमात्रांपर्यंत पोहोचणारी.

मैत्रीभावनेचा जो क्रम परंपरेने सांगितला आहे, तोही शिक्षकाला उपयोगी पडतो. प्रथम स्वतःविषयी, नंतर प्रिय व्यक्तीविषयी, मग तटस्थ व्यक्तीविषयी आणि शेवटी ज्याच्याशी वैर आहे त्याच्याविषयी. यातील तटस्थ व्यक्ती हा टप्पा आम्हांस शाळेसाठी फार महत्त्वाचा वाटतो. ज्याला आपण रोज पाहतो, पण ज्याच्याविषयी आपल्याला प्रेमही नाही आणि रागही नाही, असा माणूस. फाटकावरचे मामा, कचरा नेणाऱ्या ताई, दूध घालणारे दादा. मैत्री आटते ती बहुधा याच ठिकाणी.

मधले वय आणि मोकळा वेळ

अकरा ते चौदा हे वय विलक्षण असते. दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल, याची कल्पना करण्याची शक्ती या वयात झपाट्याने वाढते. पण ती शक्ती करुणेसाठीच वापरली जाईल असे नाही. नेमके कोणते टोपणनाव ठेवले म्हणजे समोरच्याला झोंबेल, हेही याच वयात अचूक कळू लागते. सवंगड्यांच्या टोळीत राहण्यासाठी एखाद्याला टोळीबाहेर ठेवणे, हा या वयाचा नेहमीचा दोष आहे.

शाळेच्या दिवसांत तास, गृहपाठ आणि गुण यांच्या धावपळीत याकडे पाहण्यास सवड नसते. शिवाय जे शिकवू त्याला गुण द्यावेत, अशी आपणां शिक्षकांची सवय. करुणेला गुण दिले की तिचे प्रदर्शन होते. सुट्टीत घंटा नसते, गुण नसतात, आणि मोठ्या माणसांना काम करताना जवळून पाहता येते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना घालवावेत आणि सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांसोबत मुलांनी शिकावे, असे सुचविले आहे.

असे प्रयोग अन्यत्रही झाले आहेत. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे उन्हाळी सुट्टीत श्रमसंस्कार छावणी सुरू केली. कुष्ठमुक्त बांधवांनी कसलेल्या भूमीवर महाराष्ट्रभरातील तरुण त्यांच्यासोबत घाम गाळू लागले. कॅनडातील टोरांटो येथे 1996 पासून एक वेगळा उपक्रम चालतो. वस्तीतील एक तान्हे बाळ आईवडिलांसह वर्षभर ठरावीक दिवशी वर्गात येते. ज्याला बोलता येत नाही, त्याला काय हवे असेल हे ओळखण्याचा मुले प्रयत्न करतात. दोन्ही ठिकाणी व्याख्यान गौण आहे, सहवास मुख्य.

आम्ही काय करतो

आमची पद्धत चार पायऱ्यांची आहे.

पहिली पायरी पाहण्याची. सुट्टी लागण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याला एक वही देतो. आपल्या सुट्टीत ज्यांना सुट्टी नाही अशा माणसांची यादी त्याने करावयाची. पहिल्या दिवशी पोलीस, डॉक्टर, बसचालक एवढीच नावे येतात. चार दिवसांनी कोणी लिहितो, 'माझी आई'. आळंदीत राहणारी मुले लिहितात, की दिवाळी सरते न सरते तोच कार्तिकी यात्रेची तयारी लागते आणि घाट झाडणाऱ्यांचे काम दुप्पट होते.

दुसरी पायरी विचारण्याची. यादीतील एका तटस्थ व्यक्तीशी बोलावयाचे. त्यासाठी तीन प्रश्न आम्ही महावग्गातील त्या प्रसंगावरूनच बेतले आहेत. तुम्हांला कशाचा त्रास होतो? तुमच्या मदतीला कोण असते? मदत का मिळत नाही? उत्तर मिळाले नाही तर आग्रह धरावयाचा नाही. दुसऱ्याचे मौन मान्य करणे, हाही सहानुभावाचाच भाग आहे.

तिसरी पायरी हातभाराची. जे ऐकले, त्याला धरून एक लहान कृती. ती वारंवार करता येण्याजोगी असावी. कोणी ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवू लागतो आणि फुटलेली काच कागदात गुंडाळून वर 'काच आहे' असे लिहितो. ही युक्ती त्याला कचरा नेणाऱ्या ताईंच्या बोटावरील जखमेने शिकविलेली असते. इंद्रायणीवर फेस का दिसतो, असे एका गटाने घाटावर विचारले. कारखान्यांच्या सांडपाण्याबरोबर घरोघरचे सांडपाणीही नदीत जाते हे समजल्यावर, आपण कपड्यांना किती साबण वापरतो याचे मोजमाप त्यांनी वसतिगृहातच सुरू केले.

चौथी पायरी चिंतनाची. मज्झिमनिकायात तथागतांनी बालवयातील राहुलाला आरशाचे उदाहरण दिले आहे. आरसा जसा पाहण्यासाठी, तसे कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर पुन्हा पुन्हा पाहावे. याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांना पीडा तर होत नाही ना? मुले रात्री पाच मिनिटे शांत बसून हेच पाहतात. वही कोणी तपासत नाही.

या चार पायऱ्यांना आळंदीच्या भूमीचाही आधार मिळतो. संन्याशाची पोरे म्हणून निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई या चार भावंडांना गावाने वाळीत टाकले, ही कथा येथील प्रत्येक मूल ऐकत मोठे होते. आम्ही त्या कथेत एक प्रश्न घालतो. तू त्या वेळी आळंदीत राहणारा सातवीतला मुलगा असतास, ही भावंडे तुझ्या दारावरून जात असती, आणि घरातल्यांनी त्यांच्याशी बोलू नको म्हणून बजावले असते, तर तू काय केले असतेस? वर्ग बराच वेळ गप्प राहतो. मग कोणीतरी हळूच आपल्याच वर्गातील, आपणच वाळीत टाकलेल्या मुलाचे नाव घेतो.

आमच्या चुका

प्रारंभीच्या एका वर्षी आम्ही जुने कपडे जमवून जवळच्या मजूरवस्तीत वाटप केले. मुलांना रांगेत उभे केले, छायाचित्रे काढली. आठवीतील एक मुलगा सारखा मागे सरकत होता. नंतर कळले, की त्याची मावशी त्याच वस्तीत राहत होती आणि ती कपडे घेणाऱ्यांच्या रांगेत होती. देणाऱ्यांच्या आणि घेणाऱ्यांच्या रांगेत आमचीच माणसे समोरासमोर उभी होती, आणि ते आम्ही आधी विचारलेही नव्हते. त्या दिवसापासून वाटप आणि छायाचित्रे आम्ही बंद केली.

दुसरी चूक परिपाठातील. मागे राहिलेल्या एका मुलाला आम्ही सर्वांसमोर आपले अनुभव सांगण्यास उभे केले. हेतू चांगला होता. तो दोन वाक्ये बोलला आणि पुढे दोन दिवस कोणाशीच बोलला नाही. दुसऱ्यांना करुणा यावी म्हणून एखाद्या मुलाचे दुःख साधन म्हणून वापरणे, हे क्रौर्यच आहे, मग ते कितीही गोड शब्दांत केलेले असो. आता आम्ही कोणाकडूनही दुःख वदवून घेत नाही. सुट्टीत घरी गेलेली मुले मागे राहिलेल्यांना पत्रे लिहितात आणि परत येताना खाऊ आणतात. तो 'त्यांच्यासाठी' म्हणून वेगळा न काढता सर्वांच्या पंगतीत वाटला जातो.

पालकांना विनंती

घरी आलेल्या मुलाला सुट्टीत उपदेश करण्याची गरज नाही. त्याला आपल्या कामाविषयी सांगावे. पाळी बदलते तेव्हा झोपेचे काय होते, यंत्रावर उभे राहून पाय कसे भरून येतात, हे वडिलांच्या तोंडून मुलाने ऐकलेले नसते. घरातील एक काम त्याच्याकडे कायमचे सोपवावे, आणि मुलगा असो वा मुलगी, ते सारखेच सोपवावे. कामवाल्या ताई, रिक्षावाले काका यांच्याशी आपण कोणत्या शब्दांत बोलतो, इकडे लक्ष असावे. मूल ऐकत असते. आपली चूक झाली असेल तर मुलासमोर मान्य करावी. क्षमा मागणे लहानांनीच शिकावे, असे नाही.

लेखाच्या आरंभी जो प्रश्न आला, त्याचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. मागे राहिलेल्या मुलांनी त्या सुट्टीत स्वयंपाकघरातील मावशींना आमचेच तीन प्रश्न विचारले. उत्तर अनपेक्षित होते. मावशींना रविवारी सुट्टी असे. त्यांचे यजमान भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, आणि तेथे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. सहा वर्षांत दोघांना एक सबंध दिवस एकत्र मिळाला नव्हता. त्यांनी कधी मागितले नाही, आणि आम्ही कधी विचारले नाही. मुलांनी त्या सुट्टीतील गुरुवारी गृहप्रमुखांसोबत खिचडी केली. ती खाली लागली, पण सर्वांनी खाल्ली. नंतर त्यांनी एक अर्ज लिहून व्यवस्थापनाकडे दिला. मुलांनी मावशींचे काम कायम करावे, हा काही त्यावरील उपाय नव्हे, म्हणून व्यवस्थापनाने कामाच्या पाळ्याच बदलल्या. वेतनात काहीही कपात न होता मावशींची सुट्टी गुरुवारी झाली.

तो अर्ज आजही कार्यालयात आहे. त्यात शुद्धलेखनाच्या पुष्कळ चुका आहेत. आम्ही त्या दुरुस्त केलेल्या नाहीत.